शंभर टाचण्या आणि चोवीस सह्या

३ मार्च

मामा,

शाळेत तुम्हाला ‘सर’ म्हणायचं आणि घरी ‘मामा’, यात माझी दहा वर्षं गेली. त्यामुळे तुमच्याकडे काही मागायचं म्हटलं की अजून माझे हात आपोआप पाठीमागे जातात. आत्ताही खुर्चीत बसून तसेच गेले होते, म्हणून पत्राला उशीर झाला.

मला तुमच्या वीस-पंचवीस सह्या हव्या आहेत. आमच्या कचेरीत दाखले, करार, मृत्युपत्रं येतात आणि त्यांवरच्या सह्या खऱ्या की खोट्या ते आम्ही सांगतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. कसं सांगतो ते ऐकलंत तर हसाल. सही यंत्राखाली धरायची. यंत्र रेघेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चालत जातं आणि वाटेत ठिपके देत जातं. ऐसपैस सही असली तर साडेतीनशे ठिपके, आखडती असली तर दोनशे. मग दोन सह्यांचा पहिला ठिपका पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी असं लावून पाहायचं आणि लहान सही संपली की मोठीचं उरलेलं टाकून द्यायचं. म्हणजे एकाच माणसाने एकदा सावकाशीने सही केली आणि एकदा घाईत, तर एकीचं पोट दुसरीच्या शेपटीशी जुळवलं जातं आणि बिचारा स्वतःच्याच नावाचा चोर ठरतो.

मी नवी पद्धत बसवते आहे. आधी सगळ्या सह्या एका उंचीच्या करायच्या. मग प्रत्येकीवर सारख्या अंतराने शंभर टाचण्या टोचायच्या, पहिली डोक्यावर आणि शंभरावी शेपटीच्या टोकाला. टाचणी पडते तिथे ठिपका नसेल तर अलीकडच्या-पलीकडच्या ठिपक्यांवरून तिची जागा ठरवायची. आता दोन्ही सह्या शंभराच्याच झाल्या. सदतिसावी टाचणी सदतिसाव्या टाचणीशी बोलू शकते.

तुमची सही यासाठी झकास आहे, कारण तुम्ही ती पेन न उचलता एका दमात करता. एकोणीस वर्षांपूर्वीच्या काही सापडल्या तर त्याही पाठवा. घाई नाही, पण लवकर पाठवा.

तुमची,
भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा मामा म्हणून, एकदा मुख्याध्यापक म्हणून. मामाला ते आवडलं. मुख्याध्यापकाने समासात दोन प्रश्नचिन्हं काढली. घाई नाही पण लवकर, म्हणजे काय? आणि तुझ्या यंत्राला एकोणीस वर्षांपूर्वीचीच सही का लागते? अठरा वर्षांपूर्वीची त्याला पचत नाही का?

तुझी टाचण्यांची गोष्ट मात्र मला लगेच समजली. शाळेत दोन तुकड्यांना जोडीने मैदानावर न्यायचं असायचं. एका तुकडीत चाळीस मुलं, दुसरीत साठ. आमचे उपमुख्याध्यापक (मी त्यांना नुसतं ‘उप’ म्हणत असे, अजूनही म्हणतो) चाळीस जोड्या लावायचे आणि उरलेल्या वीस जणांना वर्गात परत पाठवायचे. वीस मुलं रडायची. मी म्हणायचो, अहो उप, मुलं मोजू नका, रांगेची लांबी वाटून घ्या. ते म्हणायचे, नियमात बसत नाही. आता कळलं, तुमची कचेरी इतकी वर्षं उपांच्या पद्धतीने चालली होती.

सोबत चोवीस सह्या आहेत. मी चावट माणूस आहे हे तू जाणतेस, म्हणून एक गंमत केली आहे. यांतल्या काही माझ्या नाहीत. कुठल्या आणि किती ते सांगणार नाही. तुझ्या टाचण्यांना शोधू दे. शोधल्यास तर तुला शंभरपैकी शंभर. चुकलीस तर हात पाठीमागे आणि तोंड भिंतीकडे.

त्या जुन्या वर्षीचे कागद उंदरांनी खाल्ले.

मामा

१६ मार्च

मामा,

शंभरपैकी शंभर द्या आणि वर दोन कृपेचे.

आधी गंमत म्हणून जुन्या पद्धतीने चोवीस सह्या एकमेकींशी लावल्या. यंत्राच्या मते त्या अकरा वेगवेगळ्या माणसांनी केल्या आहेत. मग उंची सारखी केली, शंभर टाचण्या टोचल्या आणि चोवीसच्या चोवीस दोन ढिगांत गेल्या. एका ढिगात एकोणीस, दुसऱ्यात पाच. एकोणीस सह्या आपसांत शंभरात सत्त्याण्णव जुळतात. तुमच्या जुन्या पत्रांखालच्या तीन सह्या माझ्याकडे होत्या, त्याही टोचून पाहिल्या. त्या याच एकोणीसांच्या पंगतीत बसल्या. म्हणजे एकोणीस तुमच्या आणि पाच भलत्या कुणाच्या. त्या पाचांची शेपूट उगीच वर उडते आणि पहिल्या वळशात अंगठा दुखल्यासारखी थांबते. कोण हा गाढव?

आता खरं सांगते. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती.

आमच्याकडे एका परिचारिकेचा शाळा सोडल्याचा दाखला आला आहे. तुमच्या शाळेचा, एकोणीस वर्षांपूर्वीचा, खाली तुमची सही. ती ज्या रुग्णालयात अकरा वर्षं काम करते तिथे सगळ्यांचे जुने कागद तपासायचं निघालं. शिक्षण खात्यात तुमच्या सहीचं नमुना-कार्ड आहे. आमच्या यंत्राने दाखला त्या कार्डाशी लावला आणि खोटा ठरवला. तिला घरी बसवलंय आणि १५ एप्रिलपर्यंत खुलासा मागितलाय. मला वाटलं, कार्डावरची सही मोठी, दाखल्यावरची लहान, जुन्या पद्धतीनेच घोळ केला असणार. म्हणून टाचण्यांचा खटाटोप. पण टाचण्या लावूनही दाखला कार्डाशी एकसष्टच्या वर जाईना. मी तुम्हाला सरळ विचारायला घाबरले.

तुमचं पाकीट आलं आणि सगळं उलगडलं. दाखल्यावरची सही तुमच्या एकोणीसांशी शहाण्णव जुळते. दाखला शंभर टक्के खरा. आणि खात्यातलं कार्ड? ते त्या भलत्या पाचांशी जुळतं. म्हणजे खोटं कार्डच आहे. कुणीतरी तुमच्या नावाने खात्यात भलतंच कार्ड घुसवलं. त्यावर साक्षीदार म्हणून तुमच्या उपांची सही आहे. मी अहवालात तसं स्पष्ट लिहिलं आहे, सोमवारी देते. मुख्याध्यापक माझे मामा आहेत हे कचेरीच्या प्रमुख असलेल्या आमच्या बाईंना अजून सांगितलेलं नाही, अहवाल दिला की सांगेन.

त्या परिचारिकेचं काम वाचलं, मामा. तुमच्या चावटपणामुळे वाचलं.

भिंगरी

२१ मार्च

बाळ,

हे पत्र मी लिहिते आहे हे ह्यांना माहीत नाही. तुझं पत्र आल्यापासून हे घरात येरझारा घालताहेत. काल दोनदा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधला. मी विचारलं तर म्हणाले, भाची हुशार निघाली. हुशारीचं एवढं दुःख करणारा माणूस मी पाहिला नव्हता, म्हणून तुझं पत्र त्यांच्या उशीखालून काढून वाचलं.

तो अहवाल देऊ नकोस. त्या एकोणीस सह्या माझ्या आहेत. गाढवाच्या पाच आहेत त्या ह्यांच्या.

तुला पाठवायच्या सह्या करायला हे बसले, पाच झाल्या आणि मनगट दुखायला लागलं. कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, उरलेल्या तू कर, पोरीला जरा फिरवू या. त्यांना वाटलं होतं, फार तर तू गोंधळशील. तू गोंधळली नाहीस, उलट सगळं नीट शोधून उलटं लावलंस.

त्या वर्षी हे मुलांना उंच उडी कशी मारायची ते दाखवायला गेले. वय बावन्न. काठी पडली नाही, हे पडले. उजवा हात दोन महिने प्लास्टरमध्ये, आणि नेमकी दाखल्यांची वेळ. नियमाने सहीचा अधिकार उपांकडे जायला हवा होता. पण एकदा तो माणूस खुर्चीत बसला की उठायचा नाही, असं ह्यांच्या डोक्यात. मग रोज दुपारी दाखल्यांचा गठ्ठा घरी यायचा. मी भाजी चिरून झाली की हात पुसून बसायची आणि हे समोर बसून सांगायचे, वळसा गोल, शेपूट सरळ. तीनशे बारा दाखले मी सही केले. पहिले चाळीस घाबरत. पुढचे गाणं गुणगुणत.

प्लास्टर निघालं, पण सही काही परत गेली नाही. सिलिंडरवाला, पोस्टमन, पार्सलवाला, सगळ्यांच्या वहीत ह्यांची सही मीच करते. तुला येणाऱ्या पत्रांखाली सुद्धा. मजकूर सगळा त्यांचा, सही तेवढी माझी.

आता मुद्द्याचं. कार्ड खरं आहे. हे मुख्याध्यापक झाले तेव्हा ते ह्यांनी स्वतः केलं आणि उपांनी साक्ष दिली. तुझ्या अहवालाने ती मुलगी सुटेल, पण उप खोटारडे ठरतील. ह्यांना काल मी तेवढंच विचारलं. हे म्हणाले, “मुलगी सुटते आहे ना, मग राहू दे.” मी म्हटलं, “आणि उप?” तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्यांनी वीस-वीस मुलं परत पाठवली आहेत.”

आज सकाळपासून मी त्यांच्याशी बोलले नाहीये.

मामी

२७ मार्च

मामी आणि मामा (आता दोघांनाही एकत्रच लिहिते, कोण कुणाच्या उशीखालून काय काढेल याचा भरवसा नाही),

मामीचं पत्र मिळालं तेव्हा अहवाल देऊन दोन दिवस झाले होते.

मी बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. हात पाठीमागे. सगळं सांगितलं. मुख्याध्यापक माझे मामा, एकोणीस सह्या मामीच्या, पाच मामांच्या, आणि मी ज्याला खोटं ठरवलं ते कार्ड तेवढं खरं. बाईंनी माझा अहवाल पुन्हा उघडला. शेवटी म्हणाल्या, “तुझ्या टाचण्या बरोबर आहेत. ढिगाला नाव देताना तू मोजलंस कुठे? जास्त ते खरे असं धरलंस.” मग माझ्याकडून प्रकरण काढून घेतलं आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिलं. मला महिनाभर टपाल फोडायचं काम आहे. नात्याची गोष्ट लपवली त्याची ही शिक्षा, गणिताची नव्हे, असंही त्या म्हणाल्या. त्याने थोडं बरं वाटलं. अहवाल अजून वर गेलेला नव्हता, तो परत घेतला.

पण आता त्या परिचारिकेला वाचवणारं काहीच राहिलं नाही. दाखल्यावरची सही मुख्याध्यापकाची नाही, हे आता आम्हीच सिद्ध केलंय. ती काल कचेरीत आली होती. मला ओळखत नाही. टपालाच्या ढिगामागून मला विचारलं, इथे चुकून खोटं ठरलेलं खरं कुठे करतात. मी तिला खोली दाखवली. यापेक्षा जास्त बोलायची मला परवानगी नाही.

मामा, आता तुम्हीच. तुम्ही लेखी सांगितलंत की त्या वर्षी सह्या कुणी केल्या आणि का, आणि शाळेने सांगितलं की दाखल्यातला मजकूर खरा आहे, तर ती सुटेल. तुम्ही गप्प बसलात तर नाही सुटणार. उरलेल्या तीनशे अकरा जणांचं काय होईल ते मला माहीत नाही. मी तुम्हाला कधी उलट बोलले नाही, पण हे पत्र मी हात पुढे घेऊन लिहिते आहे.

भिंगरी

४ एप्रिल

भिंगरी,

या पत्राखाली मी स्वतः सही करणार आहे. शेपूट वर उडेल, सांभाळून घे.

मी तीन दिवस कारणं शोधली. वयाचं काढलं, तीनशे अकरा मुलांचं काढलं, शाळेच्या नावाचं काढलं. तुझी मामी प्रत्येक कारण ऐकून घ्यायची आणि म्हणायची, बरं, मग कधी निघताय. शेवटी निघालो. आधी उपांकडे गेलो. त्यांच्या डोक्यावर खापर फोडायला मी मनाने तयार झालो होतो, तेव्हा तोंड दाखवणं भाग होतं.

उप पंचाहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून घरात बूट घालून बसतात. मी सगळं सांगितलं. ते वहीत बघावं तसं माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

मी विचारलं, कसं?

“तुमची सही कधी ओळीवर बसायची नाही. त्या वर्षी बसायला लागली.”

मग बोलला का नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, नियमाने बोलायला हवं होतं. पण त्या वर्षी दाखले पहिल्यांदा वेळेवर निघाले, एकही पालक भांडायला आला नाही, तेव्हा त्यांनी नियमाकडे जरा पाठ केली. आयुष्यात एकदाच केली, आणि ती माझ्यासाठी नव्हे, दाखल्यांसाठी, हे मी लक्षात ठेवावं. एकोणीस वर्षं मी त्या माणसाच्या पाठीमागे त्याची नक्कल करून लोकांना हसवत आलो आणि त्याच्याकडे माझा एवढा मोठा हुकमाचा पत्ता होता. त्याने तो कधी टाकला नाही.

मग आम्ही दोघं मिळून शाळेत गेलो. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी, पूर्वी वर्गात बसून शिट्ट्या वाजवणारी. तिने आम्हाला कचेरीबाहेरच्या बाकावर पाऊण तास बसवलं. मी म्हटलं, मुद्दाम करते आहे. उप म्हणाले, हक्क आहे तिचा. आत घेतल्यावर तिने त्या वर्षीचं प्रवेश-पुस्तक काढलं (उंदरांनी काही खाल्लेलं नाही, ते मी तुला खोटं सांगितलं). तीनशे बाराही नावं, तारखा, गुण जिथल्या तिथे आहेत. शाळा तसं पत्र देते आहे, फक्त त्या मुलीसाठी नव्हे, सगळ्यांसाठी, म्हणजे पुन्हा कुणाला घरी बसावं लागू नये. माझ्या नावाने खात्याकडून ठपका येणार. एकाहत्तराव्या वर्षी मला लेखी समज मिळेल. मी शिट्टीवालीला विचारलं, पालकांची सही आणू का? ती हसली नाही. मग दार लागल्यावर हसल्याचं ऐकू आलं.

११ तारखेला मी आणि तुझी मामी तुझ्या कचेरीत जबाब द्यायला येतो. तू टपाल फोडत राहा. आमच्याकडे बघू नकोस, नाहीतर मला हसू येईल.

मामा

१८ एप्रिल

बाळ,

त्या दिवशी तुला आत येऊ दिलं नाही आणि गाडीची वेळ झाली म्हणून धड बोलणंही झालं नाही. ह्यांना विचारशील तर निम्मं गाळून सांगतील, म्हणून मी लिहिते.

बाहेरच्या व्हरांड्यात ती मुलगी बसली होती. मुलगी कसली, केस पांढरे व्हायला लागलेत. ह्यांनी तिला ओळखलं नाही, तिने ह्यांना ओळखलं आणि पटकन उठून उभी राहिली. हे माफी मागायला लागले. वाक्य मोठं होतं, घरून पाठ करून आणलेलं. ती अर्ध्यावरच म्हणाली, “कुठला हात, सर?” ह्यांनी उजवा पुढे केला. तिने मनगट दोन बोटांनी दाबलं, फिरवलं आणि म्हणाली, हे हाड नीट बसवलेलं नाही, एवढी वर्षं दुखत असेल. हे म्हणाले, नाही. मी म्हटलं, हो. तिने चिठ्ठीवर व्यायाम लिहून दिले. कामावर परत घेतल्यावर सांगा म्हणाली, तिथे हाडांचे डॉक्टर चांगले आहेत. मला आता ह्यांनी माफी मागितली की तिने फी लावली ते कळेना.

आत तुझ्या सहकाऱ्याने मला एक कोरा कागद दिला. ह्यांची सही दहा वेळा करायला सांगितली. मी केली. तो यंत्राजवळ गेला, आला, आणि म्हणाला, दाखल्याशी सत्त्याण्णव. चेहऱ्यावर काही दाखवत नव्हता, पण कागद उजेडाला धरून पुन्हा बघत होता. मला उगीच अभिमान वाटला. वाटायला नको होता.

परिचारिकेचं काम तिथेच झालं. शाळेचं पत्र, माझ्या दहा सह्या आणि ह्यांचा जबाब लावून कागद पुढे गेला आणि काल तिचा निरोप आला, सोमवारपासून कामावर आहे. हे तुला टपालात कळलं असेलच.

पण आमचं काम तिथे संपलं नाही. माझा जबाब लिहून झाला, खाली माझी स्वतःची सही हवी होती. मी केली. ओळख म्हणून माझं ओळखपत्र दिलं. तुझ्या सहकाऱ्याने सवयीने दोन्ही यंत्राखाली धरल्या, उंची सारखी केली, टाचण्या टोचल्या आणि सगळं पुन्हा एकदा केलं. मग अगदी हळू म्हणाला, “बाई, ही तुमची सही तुमच्या सहीशी जुळत नाही. चव्वेचाळीस.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

ओळखपत्राचे अर्ज भरायची शेवटची तारीख होती तेव्हा मी बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. हे म्हणाले होते, काळजी करू नकोस, मी बघतो. ह्यांनी बघितलं होतं. एकोणीस वर्षं मी ह्यांची सही खिशात घालून फिरले असं मला वाटत होतं, आणि हे माझी त्याच्याही आधीपासून. तुझा सहकारी डोकं धरून बसला. म्हणाला, आता याचाही वेगळा जबाब लागेल, यजमानांचा. आणखी एक कागद आला. ह्यांनी घसा साफ करून सगळं कबूल केलं, त्याने ते लिहून घेतलं आणि शेवटी बोटाने जागा दाखवली. इथे सही करा, फक्त तुमची.

ह्यांनी जबाब पहिल्या ओळीपासून नीट वाचला, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायला लावलं, मान डोलावली, आणि सवयीने पेन माझ्यापुढे सरकवलं.

मामी